सर्जाची पकड

सातवा गोल माझ्या दोन पायांमधून गेला. सहावा उजवीकडून गेला होता. पाचवा कुठून गेला ते मला आजही सांगता येणार नाही. मागच्या फळीवर खाडकन आवाज झाला म्हणून वळून पाहिलं, तर चेंडू गोलात निवांत बसला होता.

"हणम्या, लेका पाय तरी जुळव की!" सर्जा मैदानाच्या मधूनच ओरडला.

"जुळवले की पडतोय मी! पॅड बघ की कसले हाईत!"

पॅड खरंच बघण्यासारखे होते. कॉलेजच्या जिमखान्यात पडलेला तो जोड कुणाच्या काळातला होता देव जाणे. पट्टे केव्हाच गेलेले, म्हणून आमच्या खेळाच्या डिसले सरांनी सकाळी स्वतःच्या हाताने ते सुतळीने माझ्या पायांना बांधले होते. तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीवर गादीसारखं काहीतरी, आणि या सगळ्याच्या आत मी, हणमंत जगदाळे, वजन भरपूर, हॉकीचा अनुभव एक महिना.

खरं म्हणजे आमच्यातलं कुणीच हॉकीवालं नव्हतं. आम्ही कबड्डीचे. तालुक्याच्या गावातलं आमचं कॉलेज. बाकी कशात नाव नसलं तरी कबड्डीत आसपासच्या तीन जिल्ह्यांत आम्हाला मानायचे. त्यातही सर्जेराव खरमाटेला. सर्जा आमचा कप्तान. त्याने एकदा मागून कव घातली की चढाईला आलेला गडी कितीही बळाचा असो, मध्यरेषेचं तोंड बघत नसे. पकड करताना तो मान खाली घालून डोकं गड्याच्या पाठीत रुतवायचा, डोळे मिटून घ्यायचा आणि शिट्टी वाजेपर्यंत सोडायचा नाही. लोक त्याची पकड बघायला यायचे.

अशी ही आमची पलटण शहरातल्या मैदानावर, हातात काठ्या घेऊन, शहरातल्याच एका नामांकित कॉलेजच्या संघासमोर मार खायला उभी होती. आणि याला कारण एकच माणूस होता, जेकब साळवे.

जेकबचे वडील वीज मंडळात लाइनमन. त्यांची बदली आमच्या गावी झाली आणि हा दुसऱ्या वर्षाला आमच्या वर्गात आला. नगरकडच्या मिशनच्या शाळेत हॉकी शिकलेला. आमच्याकडे हॉकी कोण खेळणार? हा गडी एकटाच कॅन्टीनच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा, आणि कॅन्टीनवाले काका त्याला भिंतीचे पोपडे मोजून दाखवायचे. मागच्या वर्षी सरावात सर्जाचा खांदा निखळला तेव्हा आम्ही सगळे नुसता कालवा करत उभे होतो. जेकबने त्याला सायकलवर घातलं आणि भर उन्हात गावाबाहेरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तेव्हापासून सर्जाच्या लेखी जेकब घरचा झाला.

तो जेकब एक दिवस आमच्या कबड्डीच्या मैदानावर आला आणि सर्जाला म्हणाला, "माझं एक काम आहे. नाही म्हणालास तरी चालेल."

"आदी काम तर सांग."

"विद्यापीठाच्या हॉकी संघाची निवड आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून होते. आपल्या कॉलेजचा संघच उतरत नाही, मग मला बघणार कोण? हे माझं शेवटचं वर्ष आहे. विद्यापीठाकडून एकदा खेळलो ना, की रेल्वेचे, पोलिसांचे लोक येतात बघायला. नाही खेळलो तर आहेच, बाबांच्या मागून खांबावर चढायचं."

"मग आमी काय करायचं म्हंतोस?"

"अकरा जण लागतात. तुम्ही नुसते उभे राहा. पळायचं ते मी पळतो."

सर्जाने आमच्याकडे बघितलं. "उभं ऱ्हायला काय जातंय रं आपल्या बाचं?" तो म्हणाला, आणि संघ तयार झाला.

महिनाभर जेकबने आम्हाला शिकवायचा प्रयत्न केला. आम्ही काठी कुऱ्हाड धरल्यासारखी धरायचो. बजा पाटोळे तर चेंडू आला की सवयीने वाकून हातानेच उचलायला जायचा. जेकब डोक्याला हात लावायचा आणि मग हसायला लागायचा. त्याला चिडलेला मी कधी पाहिला नव्हता.

सामन्याच्या दिवशी सकाळी टेम्पोतून उतरल्यावर डिसले सरांनी आम्हाला गोल करून उभं केलं. "एक लक्षात ठेवा. मागच्या साली एका कॉलेजच्या पोरांनी मारामारी केली, तर निवड समितीनं त्या संघातल्या एकालाही घेतलं नाही. चांगली पोरं होती, घरी बसली. समितीचे चितळकर साहेब फार कडक आहेत, आणि आज ते स्वतः येणार आहेत."

सर गेल्यावर जेकब पुढे झाला. "वीस गोल बसू देत. कुणी ढकललं, कुणी आईवरून बोललं, तरी हात उचलायचा नाही. एवढा एक शब्द द्या मला."

"नुसता शबूद कशाला," सर्जा म्हणाला. "मारुतीची शपथ घिऊ. घ्या रं समदी."

आम्ही सगळ्यांनी घेतली. जेकबनेही हात पुढे केला आणि विचारलं, "मी घेतलेली चालेल ना मारुतीला?"

"आजच्या दिस चालवून घील त्यो," सर्जा म्हणाला.

तर अशी शपथ घेऊन आम्ही मैदानात उतरलो होतो, आणि पहिला हाफ संपायच्या आत सात गोल खाल्ले होते. पण जेकब! अरे, काय खेळत होता तो पोरगा! पाच नंबरचा ढगळ शर्ट घालून तो सगळ्या मैदानभर होता. चेंडू त्याच्या काठीला चिकटून चालायचा. एकाला हूल देऊन डावीकडून, दुसऱ्याला उजवीकडून, तिसरा नुसता बघत उभा. मग पुढे पास द्यायची वेळ आली की पंचाईत, कारण पुढे बजा असायचा. जेकब चेंडू अगदी ताटात वाढल्यासारखा त्याच्यापुढे ठेवायचा, आणि बजा काठी वर उचलून चेंडूला जाताना बघायचा.

"बजा, मार ना!"

"मारनार हुतो, तवर त्यो गेला!"

एकदा जेकब एकटाच त्यांच्या गोलापुढच्या अर्धगोलात, म्हणजे डीमध्ये, घुसला आणि त्याने मारलेला चेंडू खांबाला लागून परतला. समोरच्या संघाचे पाठीराखे सुद्धा टाळ्या वाजवत उठले. मीही माझ्या गोलात एकटाच नाचलो.

हाफ टाइमला आम्ही लिंबाच्या सावलीत पडलो होतो, तेवढ्यात डिसले सर जवळजवळ पळतच आले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की आम्हीच सात गोल केलेत की काय असं वाटावं. "चितळकर साहेबांनी विचारलं! तो पाच नंबर कोण, नाव काय, वय काय, सगळं विचारलं. साळवे, पोरा, झालं बहुतेक तुझं काम!"

 जेकबने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि मग कितीतरी वेळ नुसताच धरून ठेवला.  सर्जाने त्याच्या पाठीत एक सणसणीत थाप घातली.

"आता फकस्त म्याच संपवायची," सर्जा आम्हाला म्हणाला. "कुणाला घाई न्हाई. गोल खावा, पानी प्या, आन् मुकाट ऱ्हावा."

दुसरा हाफ सुरू झाला आणि मुकाट राहणं अवघड होत गेलं. त्यांच्या बचावफळीत एक उंच, लांब केसांचा पोरगा होता; आम्ही त्याला झिपऱ्या म्हणायला लागलो होतो. जेकबने त्याला पहिल्या हाफात दोनदा असा चकवला होता की तो सपशेल आपटला होता, आणि त्याच्याच संघातले त्याला हसले होते. ते हसणं त्याने जेकबच्या खाती मांडलं असावं. चेंडू कुठेही असो, झिपऱ्याची काठी जेकबच्या नडगीवर. पंच एक कोवळा पोरगा होता. त्याला ते दिसत नव्हतं किंवा दिसूनही शिट्टी फुंकायचं धाडस होत नव्हतं. एकदा जेकब कळवळून खाली बसला. आमची पोरं चार पावलं पुढे झाली, तसा तो बसल्या बसल्याच हात हलवून "काही नाही, काही नाही" म्हणाला आणि लंगडत उठला.

सर्जा माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा तांबडालाल झाला होता.

"हणम्या, त्या झिपऱ्याला एकच. फकस्त एकच दिऊ का?"

"शपथ घेतलीय आपण."

"घेतलीय म्हनून तर इचारतोय."

"जेक्याचं वाटोळं व्हईल सर्जा. जरा कड काढ."

"काढतो," तो म्हणाला. "पर त्याला हितून पुढं मी नजरंआड हू द्यायचा न्हाई." आणि त्यानंतर सर्जा हॉकी खेळायचं नाटकही सोडून जेकबच्या मागे मागे फिरायला लागला. चेंडूशी त्याला काही देणंघेणं उरलं नाही.

अकरावा गोल बसला, बारावा बसला, तेरावा बसला. मला आता लाजही वाटेनाशी झाली होती. मी नुसता बाहेर टेबलाशी बसलेल्या घड्याळवाल्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, वाजव बाबा, वाजव एकदाची शिट्टी.

शेवटची काही मिनिटं राहिली असतील. जेकब मागे आला, माझ्या डीच्या थोडं पुढे त्याने एकाच्या काठीतून चेंडू काढून घेतला आणि तो वळला. आता त्याची पाठ माझ्याकडे होती. समोरून झिपऱ्या धावत आला. जेकबने चेंडू एका बाजूने काढला, स्वतः दुसऱ्या बाजूने निघाला. चेंडू तर गेलाच होता. झिपऱ्याने काठीचा दांडा उलटा करून सरळ जेकबच्या तोंडावर हाणला.

जेकबचं डोकं मागे झटकलं गेलं. तोंडातून रक्ताची धार लागली. त्याने हातावर थुंकलं आणि बघितलं, बहुतेक दात होता. मी शिट्टीची वाट बघितली. शिट्टी वाजली नाही. पंच पलीकडे चेंडूमागे पळत होता.

आणि मग ज्याने आम्हाला शपथ घातली होती, त्या जेकबने काठी उचलली. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर.

 गेलं. सगळं गेलं, सात गोल, तेरा गोल, महिनाभर केलेली मरमर, सगळं या एका फटक्यात गेलं असंच मला वाटलं.

पण सर्जा मागेच होता. त्याने झेप घेतली आणि मागून जेकबला कव घातली, दंडांसकट. डोकं त्याच्या पाठीत रुतवलं. बजाने धावत येऊन खाली बसकण मारली आणि दोन्ही पाय आवळले. तिसऱ्याने कंबर धरली. बघता बघता साखळी पडली. चार-पाच माना खाली, चार-पाच जोड हात जेकबभोवती. त्याच्या हातातली काठी निसटून मागे पडली. कबड्डीत इतकी सुंदर पकड आम्ही कधी केली नसेल. आणि मला हायसं वाटलं. खरं सांगतो, मी मोठ्याने "शाब्बास सर्जा" म्हणालो.

तेवढ्यात मला जेकबच्या खांद्यावरून झिपऱ्याचा चेहरा दिसला.

त्याने जेकबला काठी उगारताना पाहिलं होतं. ती काठी खाली पडलेली त्याने पाहिली की नाही मला माहीत नाही. भ्याला होता की पिसाळला होता, तेही मला माहीत नाही. त्याने आपली काठी मागे नेली, लाकूड फोडणारा नेतो तशी.

"सर्जा, सोड!" जेकब ओरडला. "सोड मला! सोड!"

आमच्या खेळात धरलेला गडी असाच ओरडतो. सोड म्हणतो, तडफडतो, अंग झाडतो. तो जितकी ओढ घेईल तितकी पकड आवळायची, हे आमच्या हाडात मुरलेलं. सर्जाने आणखी आवळलं. त्याचे डोळे मिटलेले होते. सगळ्यांच्याच माना खाली होत्या. मैदानात त्या क्षणी झिपऱ्याकडे तोंड करून बघणारे आम्ही दोघंच होतो, धरलेला जेकब आणि गोलातला मी.

"सर्जा!" मी किंचाळलो. माझा आवाज मुखवट्यातच घुमला. मी पळालो. दहा पावलं गेलो असेन, डाव्या पायाची सुतळी सुटली, पॅड आडवा झाला आणि मी तोंडावर पडलो. मान वर केली तेव्हा काठी खाली येत होती. जेकबने तोंड वाचवायला कोपरापासून पुढचा हात कसाबसा वर वळवला होता. तेवढाच हात त्याचा मोकळा होता. काठी त्याच्या उजव्या मनगटावर बसली. तो आवाज मला गुडघ्यांवर असताना ऐकू आला.

मग गदारोळ उठला. त्यांची पोरं धावून आली, बाकावरची आली, कठड्यावरून पाठीराख्यांनी उड्या टाकल्या. सर्जाने जेकबला सोडलं आणि झिपऱ्याला धरलं. आमच्यातल्या एकानेही हात उचलला नाही. शपथ होती ना! पोरं पाठीवर काठ्या खात होती, शिव्या खात होती, आणि समोर येईल त्याला कवेत घेऊन जमिनीवर आडवं करत होती. बजा दोघांना एकदम धरून बसला होता, आणि तिसरा त्याच्या डोक्यात बूट घालत होता. डिसले सर "अरे सोडा, अरे सोडा" म्हणत मधून पळत होते. पंच शिट्टी फुंकत होता, आता फुंकून काय उपयोग.

या सगळ्याच्या मधोमध जेकब खाली बसला होता. डाव्या हातात उजवा हात धरून. त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. मी एक पॅड ओढत त्याच्यापर्यंत पोचलो.

"हणम्या," तो म्हणाला. ओठ फाटल्यामुळे त्याचं बोलणं नीट येत नव्हतं. "बोटं हलत नाहीयेत रे."

"हलतील. जरा वेळानं हलतील."

"नाही हलत. बघ ना. मी हलवतोय."

मी बघितलं. तो हलवत होता, आणि बोटं जागच्या जागी होती. मनगट भलत्याच ठिकाणी वाकलं होतं. आमच्या दोघांच्या डोक्यावरून काठ्या चालल्या होत्या, आणि मी त्याच्यावर ओणवा होऊन बसून राहिलो. दुसरं काय करायचं मला सुचलं नाही.

कसंतरी त्याला उठवून, रिक्षात घालून मी सरकारी दवाखान्यात नेलं. मागे काय चाललंय ते बघायला थांबलो नाही. डॉक्टरांनी फोटो काढला, हात सरळ केला, कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. मग मला बाहेर बोलावलं.

"नातेवाईक कोण आहे?"

"मी मित्र आहे."

"मनगटाचा चुरा झालाय. मोठ्या हॉस्पिटलात न्या, पण आशा ठेवू नका. खेळ वगैरे आता विसरायला सांगा. पेन धरता आला तरी पुष्कळ."

मी आत आलो. जेकब भिंतीकडे बघत पडला होता. "मला ऐकू आलं," तो म्हणाला. 

थोड्या वेळाने व्हरांड्यात धाडधाड पावलं वाजली. आमची सगळी पलटण आली होती. कुणाचं कपाळ फुटलेलं, कुणाचा शर्ट फाटलेला, बजाचा एक डोळा पार मिटलेला, आणि सगळे वरातीत निघाल्यासारखे खुशीत. पुढे सर्जा.

"जेक्या! घेतलं तुला!" दारातूनच त्याने आरोळी ठोकली. नर्स धावून आली तरी त्याला भान नव्हतं. "चितळकर सायेब सोता आलं म्याच थांबल्यावर. म्हनलं, तुमच्या पोरांनी कुनावर हात उचलला न्हाई, मी बघितलंय. पाच नंबरचं नाव मी हाफ टाइमलाच पक्कं केलं हुतं म्हनलं! सोमवारी शिबिराला..."

तेव्हा त्याला प्लास्टर दिसलं. तो थांबला.

"हे काय?"

जेकबने तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं.

"हे कवा झालं रं?" सर्जा खाटेजवळ आला. "मी धरलावता तवर तर तू झ्याक हुतास. तोंडाला लागलं हुतं तेवढंच. हे मागनं झालं का?"

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी ते बोलणारही होतो. जेकबने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरलेले होते, पण त्याने मान हलवली, अगदी थोडी, मलाच कळेल इतकी.

"हो," तो सर्जाला म्हणाला. "मागून झालं. गर्दीत पडलो, कुणाचा तरी पाय पडला हातावर."

"मी सोडल्यावर?"

"हो."

सर्जा खाटेच्या कडेवर बसला. बराच वेळ तो त्या पांढऱ्या प्लास्टरकडे बघत होता. मग एवढा आडदांड गडी, पोराटोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"माझं चुकलं रं जेक्या," तो म्हणाला. "सोडायलाच नको हुतं तुला."

जेकबने डावा हात काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. मी उठून व्हरांड्यात गेलो, कारण मला तिथे बसवेना.

सर्जा पुढे दहा वर्षं कबड्डी खेळला. जिल्ह्याकडून खेळला, राज्याच्या शिबिरापर्यंत गेला, साखर कारखान्याने त्याला नोकरी दिली ती त्या पकडीवरच. जेकब खांबावरही चढू शकला नाही. वीज मंडळाने वडिलांच्या जागी त्याला बिलाच्या खिडकीवर बसवलं. तिथे तो डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि चांगलं लिहितो.

गेल्या वैशाखात सर्जाच्या मुलीचं लग्न झालं. आम्ही सगळे गेलो होतो. पोटं सुटलेली, केस पांढरे झालेले. सर्जाने जावयाच्या मित्रांना गोळा केलं, जेकबला मधे उभं केलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. तेरा गोल, मारुतीची शपथ, झिपऱ्या, सगळं. दर लग्नात सांगतो. आम्हाला पाठ आहे.

"आन् ह्यानं काठी उगारली," सर्जा सांगत होता, "तसा मी धरला ह्याला. अस्सा! सोड सोड म्हनून नुस्ता बोंबलत हुता गडी. मी सोडतोय व्हय? नाव तर राखलं मी त्याचं. पर मागनं सोडला, तीच घाण झाली. आजून मनाला लागून ऱ्हायलंय बघा."

पोरं जेकबकडे बघून हसली. जेकबही हसला, त्यांच्यापेक्षा मोठ्याने.

हात धुवायच्या नळावर मी त्याला गाठलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं या विषयावर एक अक्षर बोललो नव्हतो. त्या दिवशी मला राहवलं नाही.

"जेकब, किती वर्षं ऐकून घेणार आहेस हे? एकदा सांगून टाक ना त्याला."

जेकब डाव्या हाताने उजव्या हातावर पाणी घेत होता. ती बोटं अजून मिटत नाहीत.

"सांगून हा हात नीट होईल का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग त्याचे दोन तरी धड राहू देत," तो म्हणाला, आणि नळ बंद करून पंगतीकडे निघाला.